चार दिवस, तीन हट आणि माझे स्वतःचे पाय

रविवार, १५ फेब्रुवारी

मला न विचारता माझं नाव लावलं. पोटच्या पोरीने. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक खोली रिकामी झाली (तिथे खोल्या कशा रिकाम्या होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे) आणि ग्लेनिसने माझं नाव देऊनही टाकलं. खिडकी एक. चूल नाही. संडासात लाल दोरी. दोरी ओढली की बाई धावत येते. सत्त्याहत्तर वर्षं मी संडासात एकटी जातेय, कोणाला हाक मारली नाही.

कारण काय, तर गेल्या जूनमध्ये, आमच्या इकडच्या ऐन हिवाळ्यात, लाकडांची बादली घेऊन मी मागच्या पायरीवर पडले. पडले नाही, बसले. जरा जोरात बसले. मग आडवी झाले, कारण आडवं व्हावंसं वाटलं. ग्लेनिस म्हणते, ती आली तेव्हा मला पडून दोन तास झाले होते. तिला काय माहीत? ती तर नंतर आली.

वसाहतीची बाई सोमवारी, २ मार्चला, सकाळी दहाला फोन करणार. हो की नाही, एवढंच विचारणार. ग्लेनिस म्हणे, मी बोलेन तुझ्या वतीने. माझ्या वतीने! मी काय मेलेय?

सोमवार, १६ फेब्रुवारी

तोड काढली. ग्लेनिसला म्हटलं, तळ्याची चाल करते, ती रानातली पायवाट. चार दिवस, तीन हट (रानातल्या मुक्कामाच्या झोपड्या), एकटी. सामान माझ्या पाठीवर, पाय माझे. पूर्ण केली तर तू बाईला 'नाही' असं सांगायचंस आणि पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही झाली तर मी मुकाट्याने त्या खोलीत जाईन.

ती हसली. म्हणाली, आई, तू पोस्टापर्यंतसुद्धा गाडीने जातेस.

मी म्हटलं, पोस्टात बघण्यासारखं काही नाही म्हणून.

 मग म्हणाली, कबूल. पण प्रत्येक हटच्या पुस्तकात तुझं नाव पाहिजे. मला शिकवतेय! आमच्या आल्फने तीस वर्षं या रानात वाटा तोडल्या. लग्नात त्याने मला अंगठी नंतर दिली, आधी हे सांगितलं: हटमध्ये शिरलं की पुस्तकात लिहायचं. नाव, तारीख, कुठून आलो, उद्या कुठे. माणूस हरवला तर शोधणारे तिथूनच सुरुवात करतात. बायबलवर हात ठेवून लोक वाट्टेल ते बोलतात, पण हटच्या पुस्तकात कोणी खोटं लिहीत नाही.

मी सहावीतून शाळा सोडली, पण एवढं लिहिता येतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सराव सुरू. आज दहा किलोमीटर.

संध्याकाळ. फाटकापर्यंत गेले. फाटक करकरत होतं. तेल घातलं. अशी कामं मध्ये येतात.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पाऊस. सराव मनातल्या मनात केला. दमले.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मोठ्या कष्टाआधी विश्रांती घ्यावी असं डॉक्टर सांगतात. कुठला डॉक्टर ते आठवत नाही, पण माणूस हुशार होता.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सामान भरलं. स्लीपिंग बॅग, कपडे, ओट, सार्डिनचे डबे, अख्खा फ्रूट केक, मार्मालेडची बाटली, गरम पाण्याची रबरी पिशवी, आल्फची छोटी कुऱ्हाड, लोकरीचा गोळा आणि सुया (संध्याकाळी काय करणार?), केटली. हटमध्ये भांडी नसतात, आणि लोकांच्या पत्र्याच्या डब्यातला चहा मला चालत नाही.

पाठीवर घेऊन उभी राहिले. उभी राहिले म्हणजे पलंगाचा खांब धरून. पण राहिले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. पहिली हट

ग्लेनिसने वाटेच्या तोंडाशी सोडलं. मिठी मारायला आली. म्हटलं, राहू दे, पट्टे सरकतात.

आज नऊ किलोमीटर, तळ्याच्या काठाकाठाने, सपाट. पाटीवर तीन तास लिहिलंय. पाट्या तरुण पोरं लिहितात. मला साडेसहा लागले, कारण वाटेत मर्विन भेटला.

मर्विन म्हणजे टॅक्स खात्यातून निवृत्त झालेला, बांबूसारखा माणूस. मानेवर फडकं लोंबणारी टोपी. एकटाच चाललाय बिचारा. बायको कुठाय विचारलं तर म्हणाला, तिला चालणं आवडत नाही. मला वाटतं, तिला हा चालताना आवडत नाही. दर दहा मिनिटांनी थांबायचा आणि झाडाकडे बघायचा. लाज वाटत असेल दमायची. मीही त्याच्यासोबत थांबायचे, त्याला एकटं वाटू नये म्हणून. एकदा मी थांबले तेव्हा तो पुढे होता आणि मागे आला. भित्रा दिसतो.

त्याला वाईट वाटू नये म्हणून कुऱ्हाड त्याच्याकडे दिली. म्हणाला, टॅपरबाई, ही मी घेतो, मला कुऱ्हाडी आवडतात. टॅक्सवाल्याला कुऱ्हाड आवडणारच.

हट चांगली आहे. बूट ओसरीवर काढले. माझे मर्विनने काढले, त्याची कंबर माझ्यापेक्षा मोकळी आहे. लाकडं सुकी होती. पुस्तकात लिहिलं: नोलीन टॅपर, वय ७७, उद्या मिलर्स हट, प्रकृती उत्तम.

चावऱ्या माश्यांनी घोटे खाल्ले. मर्विनला कमी चावल्या. रक्तात दम नसेल.

बुधवार, २५ फेब्रुवारी. दुसरी हट, मिलर्स

अकरा किलोमीटर. यात लिहिण्यासारखं काही नाही.

दुपार. जरा आहे. ओढा ओलांडताना मी बसले. पाण्यात. मर्विन म्हणाला, टॅपरबाई, हात द्या. मी म्हटलं, तुमचा हात तुमच्या उपयोगी पडू दे. मग दिला. पाणी थंड होतं.

मार्मालेड एका डच जोडप्याला दिलं. गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पोरीला. केटली मर्विनकडे. मी सामान कमी केलं नाही, वाटलं. देण्यात आनंद असतो असं चर्चमध्ये सांगतात. मला ते आज पहिल्यांदा पटलं, खांद्यांना तर फारच.

उजवा गुडघा बोलतोय. डावा ऐकतोय.

काल रात्री पहिल्या हटमध्ये घोरण्यावरून कुजबूज. सगळ्यांनी मर्विनकडे बघितलं. तो लाल झाला आणि म्हणाला, माफ करा, मीच असेन. आज सकाळी डच बाईने माझ्या उशीजवळ कापसाचे बोळे ठेवले होते. मला घोरणं ऐकू येत नाही, मग मला कशाला?

गुरुवार, २६ फेब्रुवारी. सकाळी सात

आज कडा. चौदा किलोमीटर. वर चढायचं, धारेवरून जायचं, तीन वेळा उतरून पुन्हा चढायचं, मग खाली वेस्ट आर्मच्या हटला. काल रात्रीच्या पावसाने वर गुडघाभर चिखल झाला असणार. आल्फ या वाटेला बाईमाणसासारखी वाट म्हणायचा. वरून साधी दिसते, पण एकदा तोंड उघडलं की थांबत नाही. माझ्याकडे बघून म्हणायचा.

पुस्तकात लिहिलं: आज वेस्ट आर्म, कड्यावरून. टॅपर. मर्विन शेजारी उभा राहून बघत होता.

त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते. तुमची धाप मला बघवत नाही. तो घुटमळला. नक्की ना? म्हणाला. मी म्हटलं, मर्विन, मी या रानात लग्न केलंय. निघाला. कुऱ्हाड आणि केटली घेऊनच.

गुरुवार. दहा वाजता

पुस्तकात लिहिलं ते लिहिलं तेव्हा खरं होतं. खरं नंतर बदललं.

मिलर्सजवळच्या बोटींच्या धक्क्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. टिनच्या बोटीतून दोघं ट्राउट मासे धरणारे आले, दक्षिणेकडचे, अनोळखी. विचारलं, आजी, कुठे? वेस्ट आर्मला म्हटलं. त्यांनी बोटीतली बादली सरकवून जागा केली. मी मागितलं नव्हतं. त्यांच्या तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता. फ्रूट केक दिला, खूश झाले. हिशेब मिटला.

वीस मिनिटं लागली. चौदा किलोमीटर पाण्यावरून वीस मिनिटांत होतात. मग चढायचं कशाला, हे मला आजवर कोणी समजावलं नाही.

पण वेस्ट आर्मच्या हटवर देखरेखीला क्वीनी आहे. ती मला तिच्या आईच्या वेळेपासून ओळखते, आणि सकाळी दहाला मी कड्यावरून उतरले हे ती मानणार नाही. म्हणून हटच्या अलीकडे, वळणाआड, वाळूच्या पट्टीवर उतरले. कोळी निघून गेले. बेत असा: इथे सावलीत पडायचं. चार वाजता थोडा चिखल लावून, धापा टाकत, हटमध्ये शिरायचं.

ही फसवणूक नाही. गुडघ्याची सोय आहे.

गुरुवार. पाच वाजता

संकट.

झोप लागली. त्याआधी वरची कवळी काढून ओंडक्यावर ठेवली होती. डच पोरीने दिलेली टॉफी तिला चिकटली होती, म्हटलं वाळू दे. उठले तर कवळी नाही. झुडपातून वेका बघत होता. कोंबडीएवढा पक्षी, उडता येत नाही, चोरता येतं. पाय खरडून बघत होता, जशी काही मीच त्याचं काही घेतलंय.

दोन तास नेच्यात हात घालून शोधलं. वेका मागे मागे. एकदा बूटही ओढायला लागला.

बिनदातांची मी क्वीनीसमोर जाणार नाही. रविवारपर्यंत अख्ख्या खोऱ्याला कळेल. स्लीपिंग बॅग आहे, सार्डिन आहेत. इथेच झोपते. सकाळी उजेडात कवळी सापडेल, मग हटला न थांबता सरळ आठ किलोमीटर रस्त्यापर्यंत. ग्लेनिस दुपारी दोनला गाडी घेऊन उभी असेल. क्वीनीच्या पुस्तकात जाता जाता नाव टाकेन. चाल पूर्ण. बाईला नाही.

खरा चालणारा माणूस उघड्यावर झोपतोच.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. सकाळी आठ

कवळी नाही. सार्डिन बिनदातांनी बरे लागतात, तेवढी तरी देवाने सोय ठेवलीय.

तळ्यावर हेलिकॉप्टर फिरतंय. कड्याच्या अंगाने दोनदा गेलं. म्हणजे कोणीतरी हरवलंय. असे लोक असतात. तयारी नाही, अंदाज नाही, पुस्तकात एक लिहितात आणि जातात भलतीकडे. मग खोऱ्यातल्या लोकांनी कामं टाकून चिखल तुडवायचा.

सव्वा आठ. मर्विन! दुसरं कोण असणार? कुठल्या तरी झाडाकडे बघत उभा राहिला असेल. कुऱ्हाड माझी.

साडेआठ. बसून राहणं शोभत नाही. आल्फ असता तर गेला असता. बिनदाताची का होईना, जाते. कवळीपेक्षा माणूस मोठा. निदान मर्विनएवढा तरी.

शुक्रवार. दुपार. वेस्ट आर्मची हट

लिहून टाकते, म्हणजे संपेल.

वाटेला लागले आणि मर्विन, मर्विन ओरडत वर चढले. अर्ध्या तासाने वळणावरून कोणीतरी टॅपरबाई, टॅपरबाई ओरडत उतरत होतं. मर्विन. तोंड पांढरं, टोपी नाही, हातात माझी कुऱ्हाड. मला बघून वाटेतच खाली बसला.

मी म्हटलं, सापडलात एकदाचे.

त्याने माझा दंड धरला आणि सोडेना.

हटवर क्वीनी वायरलेसवर बोलत होती. म्हणत होती, मिळाली, चालतेय, हेलिकॉप्टर परत न्या. मग मला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, मावशी, कड्यावरून आलात ना?

मी म्हटलं, मग काय उडत?

ती म्हणाली, कड्यावर गुडघाभर चिखल आहे. तुमच्या बुटांची शिवणसुद्धा दिसतेय.

मी चहा प्यायले. चहा पत्र्याच्या डब्यातला होता. 

काल संध्याकाळी मर्विनने वाट बघितली, सहाला क्वीनीला सांगितलं. क्वीनीने मिलर्सच्या हटला वायरलेस केला, तिथल्या माणसाने पुस्तक उघडून वाचलं: आज वेस्ट आर्म, कड्यावरून. ग्लेनिसला फोन गेला. खोऱ्यातली अकरा माणसं उजाडायच्या आत मिलर्सच्या धक्क्यावर. दूध काढायचं सोडून आलेली तीन.

अकराला बाकीचे उतरले. ग्लेनिस शेवटी. ती दुकानातून तशीच आली होती, कामावरचे चपटे बूट, कमरेपर्यंत चिखल, एका हाताला खरचटलेलं. तिच्या घशातून आवाज येत नव्हता. नुसती हवा. पाच तास प्रत्येक खड्ड्यात आई, आई ओरडत आली होती. कड्याच्या टोकावरून दोरीने खाली उतरून बघितलं, असं मागाहून क्वीनीने सांगितलं. मला नाही, मर्विनला सांगितलं, मला ऐकू जाईल असं.

मला वाटलं होतं ती भांडेल. त्याची उत्तरं तयार होती. कोळ्यांनी बळेच बसवलं, एक. गुडघा, दोन. वेका, तीन.

ती माझ्या शेजारी बसली. त्या हवेच्या आवाजात एवढंच म्हणाली, तू पुस्तकात लिहिलं होतंस. मी तिथेच शोधत होते, आई.



मग क्वीनीने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. पेन दिलं. कुठून आलात त्या रकान्यात मी लिहिलं: बोटीने. अक्षर वाईट आलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

घरी. रस्त्यापर्यंत बोटीनेच आलो, सगळ्यांदेखत.

मर्विनने कुऱ्हाड आणि केटली फाटकाशी आणून ठेवली. आत बोलावलं नाही. मग बोलावलं. झाडांचा त्याला खरंच नाद आहे. माझ्या घरामागच्या बीच जातीच्या झाडाखाली वीस मिनिटं उभा राहिला आणि दमला वगैरे मुळीच नव्हता. म्हणजे वाटेत तो जो थांबायचा, तो दमून नव्हे, तर...

असो.

रविवार, १ मार्च

ग्लेनिस इथेच आहे. माझ्या चुलीसमोर, पायांना फोड, गळ्याला फडकं. बोलत नाही, बोलताच येत नाही. डॉक्टरने आठवडाभर तोंड उघडू नको म्हटलंय. चाळीस वर्षांत मला हे जमलं नव्हतं.

मी लाकडांची बादली आणायला उठले. तीही उठली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघींनी मिळून आणली, एकेक कान धरून. अर्धी भरलेली. मागच्या पायरीवर मी थांबले. ती थांबली. पायरी तेवढीच आहे, चार बोटं उंच. जूनमध्ये मी तिथे दोन तास पडून होते. पडले होते. हाक मारली होती, कोणी ऐकलं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

शर्त शर्त आहे. बोलले ते बोलले. तरी मनात असं होतं की ग्लेनिसच फोनवर बोलेल, आणि कदाचित तिला दया येईल, आणि ती सांगेल, नाही, आई इथेच राहणार. ती नेहमीच माझ्या वतीने बोलते. मी तिला त्यावरून शिव्या देते आणि मग तिलाच बोलू देते.

सोमवार, २ मार्च. पावणेदहा

फोनजवळ दोन खुर्च्या. चहा झाला. ग्लेनिसला घसा नाही, मला वरचे दात नाहीत. दोघी मिळून एक धड माणूस बोलू शकेल.

तिला म्हटलं, कुजबुजून तरी बोल, बाई समजून घेईल.

मान हलवली. नाही.

म्हटलं, मग फोन वाजू दे. नंतर करेल.

पुन्हा मान हलवली.

दहाला दोन मिनिटं. म्हटलं, मी काय सांगू तिला? तिने खांदे उडवले, पण हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, उजव्या. मग माझ्याच वहीच्या पानाचा कोपरा फाडून, माझ्याच पेनने, काहीतरी लिहायला लागली. इथे वरचा कोपरा फाटलाय तो त्यामुळे.

वाजतोय.

कागद माझ्यासमोर सरकवलाय. लिहिलंय: आई, हो म्हण किंवा नाही म्हण, मी काही म्हणणार नाही. पण फोन तूच उचल.